देखभाल झाली, तरी पंप दाब धरीना : उर्वरित अंश प्रयोगशाळेतील एका चाचणीचा अर्थ

निर्यातीसाठी नोंदणी झालेल्या द्राक्षबागेतील नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की त्याचा लगदा होतो, लगद्याचा अर्क काढला जातो आणि त्या अर्काचे काही मायक्रोलिटर लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात सोडले जातात. बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून म्हणजे स्तंभातून जाताना कीडनाशकांचे अंश एकमेकांपासून वेगळे होतात आणि ठरलेल्या मिनिटाला संवेदकापर्यंत पोहोचतात. संवेदकाची कीर्ती मोठी, किंमतही मोठी. अर्काला स्तंभातून ढकलणाऱ्या पंपाची आठवण मात्र तो बिघडला तरच होते.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो पंप नुकताच दुरुस्त होऊन आल्यावर. वार्षिक देखभालीत जुनी सील काढून नवी बसवली, झडपा बदलल्या, गाळण्या बदलल्या, सर्व काही जोडून दाबाची चाचणी घेतली आणि पंप नापास झाला. काल चालत असलेले यंत्र आज, नवे सुटे भाग घालून, चालत नाही. शीतकपाटात नमुने साचतात, अहवालाची तारीख पुढे जाते आणि बागेत घड तयार असूनही काढणी थांबते. अशा वेळी आणखी सुटे भाग मागवण्याकडे प्रयोगशाळेचा कल असतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. चाचणी नेमके काय सांगत आहे, हे आधी वाचावे लागते.

पंपाशी शेतीचा संबंध

२०१० साली भारतीय द्राक्षांना युरोपीय देशांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे मोठा फटका बसला, हे द्राक्ष उत्पादक विसरलेले नाहीत. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात तेच हे रसायन. त्या वेळी ते तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपातील मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हे रसायन आयनस्वरूपी आहे, ते वाफेत जात नाही. त्यामुळे गॅस क्रोमॅटोग्राफीने ते मोजता येत नाही, त्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफीच लागते. बासमतीवरील ट्रायसायक्लाझोलची मर्यादा युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. त्याची तपासणीही याच मार्गाने होते. सौराष्ट्रातील भुईमुगातले अफ्लाटॉक्सिनही तसेच. थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी युरोपची मर्यादा अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी किलोमागे केवळ २ मायक्रोग्रॅम आहे. पंजाब-हरियाणाचा तांदूळ असो, गुंटूरची मिरची असो वा नाशिकची द्राक्षे, त्यांच्या अहवालातील कितीतरी आकडे अशाच एखाद्या पंपाने ढकललेल्या द्रवातून आलेले असतात.

फवारणी पंपाचा भाऊबंद

एचटीपी फवारणी पंप उघडून पाहिलेल्या शेतकऱ्याला हा पंप समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. तेथे तीन प्लंजर असतात, येथे बहुधा दोन. तेथे पॅकिंग असते, येथे सील. तेथे द्रव आत घेणारी व बाहेर सोडणारी झडप असते, येथेही तशाच दोन झडपा. फरक आहे तो मापाचा आणि काटेकोरपणाचा. फवारणी पंप चौरस सेंटिमीटरला २० ते ४० किलो दाबाने काम करतो. प्रयोगशाळेतील साध्या पंपाची मर्यादा ४०० बारच्या आसपास असते आणि अतिउच्च दाबाच्या यंत्रांत ती १,००० बारच्याही पुढे जाते. दट्ट्या नीलमण्याच्या जातीच्या कृत्रिम स्फटिकाचा, पेन्सिलीहून बारीक. झडपेत माणकाच्या जातीची इवलीशी गोळी आणि तिला बसायला तशीच कठीण बैठक. गोळी बैठकीवर नीट टेकली की द्रव मागे फिरत नाही. मध्ये मिठाचा कण अडकला की फिरतो.

सील ही दट्ट्याभोवतीची कडी असते. तिच्या एका बाजूला खाच असून खाचेत बारीक स्प्रिंग असते. ही खाचेची बाजू द्रवाकडे ठेवायची असते, कारण द्रवाचा दाब खाचेत शिरून सीलचे ओठ दट्ट्यावर घट्ट आवळतो. दाब जितका अधिक, तितकी पकड घट्ट. सील उलटी बसली तर हे सर्व विपरीत घडते आणि पंप शंभर बारही धरत नाही. देखभाल करणारा अनुभवी तंत्रज्ञ असतानाही हे घडते. कडी लहान, दोन्ही बाजू प्रथमदर्शनी सारख्या, आणि काम घाईचे.

चाचणीतील आकडा किती सूक्ष्म असतो

दाबचाचणीची कल्पना साधी आहे. पंपाच्या बाहेर पडण्याच्या तोंडावर बूच लावायचे, मार्गात आयसोप्रोपॅनॉल भरायचे, दाब ठरावीक पातळीपर्यंत चढवायचा आणि मग तो टिकतो का ते पाहायचे. आयसोप्रोपॅनॉल घेण्याचे कारण असे की ते पाण्यातही मिसळते आणि बहुतेक सेंद्रिय द्रावकांतही, सीलला ओलावा देते आणि मार्गातील बुडबुडे काढण्यास मदत करते. काही प्रचलित ४०० बार पंपांत दाबाची घसरण मिनिटाला २ बारपेक्षा अधिक नसावी असा निकष असतो. प्रत्येक यंत्राचा निकष त्याच्या पुस्तिकेत पाहावा.

मिनिटाला २ बार म्हणजे प्रत्यक्षात किती गळती? हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. बूच आणि झडप यांच्यामध्ये १ मिलिलिटर द्रव कोंडला आहे असे धरू. आयसोप्रोपॅनॉलवर १ बार दाब वाढला की त्याचे आकारमान दहा लाखांत सुमारे १०० भागांनी घटते. म्हणजे २ बार दाब उतरण्यासाठी १ मिलिलिटरमधून केवळ ०.२ मायक्रोलिटर द्रव निसटणे पुरेसे आहे. पाण्याचा मध्यम थेंब ५० मायक्रोलिटरचा धरला, तर या वेगाने तेवढे द्रव जमा होण्यास चार तासांहून अधिक वेळ लागेल. आणि आयसोप्रोपॅनॉल त्याआधीच उडून जाईल. चाचणीत नापास झालेल्या पंपावर ओल कोठेच दिसत नाही, म्हणून गळती नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

याच सूक्ष्मतेची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. आयसोप्रोपॅनॉल एका अंश सेल्सिअसने थंड झाले की त्याचे आकारमान हजारात सुमारे एक भागाने आक्रसते. कोंडलेल्या द्रवात तेवढ्या आक्रसण्याचा परिणाम साधारण १० बारच्या घसरणीइतका असतो. म्हणजे गळती मुळीच नसताना, केवळ वातानुकूलन यंत्राचा झोत पंपावर आल्याने चाचणी नापास होऊ शकते. वीज गेली, खोली तापली, वीज आली, वातानुकूलन पुन्हा सुरू झाले आणि लगेच चाचणी लावली, हा क्रम आपल्याकडील प्रयोगशाळांना अपरिचित नाही. शिवाय द्रव वेगाने दाबला गेला की तो स्वतःही थोडा तापतो आणि नंतर निवतो. त्यामुळे दाब चढल्यानंतरच्या पहिल्या क्षणांतील घसरणीवरून काहीच ठरवू नये. यंत्र किमान तासभर चालू असलेले, द्रावकाची बाटली खोलीच्या तापमानाला आलेली आणि झोत दुसरीकडे वळवलेला, एवढे झाल्यावरच पडद्यावरील उतरत्या रेषेला अर्थ येतो.

आधी चाचणीची चाचणी

त्यामुळे नापास निकाल आल्यावर पहिला संशय पंपावर घेण्यापेक्षा चाचणीच्या मांडणीवर घ्यावा. पर्ज झडप, म्हणजे द्रव थेट टाकाऊ नळीत सोडणारी तोटी, पूर्ण बंद आहे का? बूच पंपाच्या तोंडाला योग्य त्या मापाचे आहे का, की हाताशी सापडले ते लावले? मार्गातील चारही वाहिन्यांत खरोखर आयसोप्रोपॅनॉल पोहोचले आहे, की एका वाहिनीत अजून जुने पाणी आहे? शेतकऱ्यांच्या बोलीत सांगायचे तर पंपाने हवा धरलेली नाही ना? हवा द्रवाच्या मानाने हजारो पटींनी दबते; पंप हेडमध्ये एक बुडबुडा राहिला तरी दाब चढताना रेंगाळतो, हेलकावतो आणि चाचणी अर्ध्यावर सोडते. देखभालीत मार्ग उघडला गेल्याने हवा शिरलेली असतेच. पर्ज झडप उघडी ठेवून, प्रत्येक वाहिनीतून काही मिनिटे भरपूर प्रवाह सोडल्याशिवाय चाचणीला बसू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आदल्या दिवशी फॉस्फेट बफर वापरलेल्या मार्गात थेट आयसोप्रोपॅनॉल सोडले, तर क्षार तेथेच स्फटिकरूपाने बाहेर पडतात आणि नव्या सीलला, नव्या झडपेला पहिल्याच दिवशी ओरखडे पाडतात. आधी भरपूर पाणी, मग आयसोप्रोपॅनॉल, हा क्रम चुकवण्याने वाचणारी दहा मिनिटे फार महाग पडतात.

हात कोठे कोठे लागला

मांडणी निर्दोष ठरली की दुसरा प्रश्न : देखभालीत कोणकोणते सांधे उघडले गेले? वर्षभर न हललेला सांधा नेमका आज गळू लागण्याची शक्यता कमी. गळती शोधायची ती आज हात लागलेल्या ठिकाणी.

नवी सील अनेकदा केवळ नवी असल्यामुळे दाब धरत नाही. तिचे ओठ अद्याप दट्ट्याच्या आकाराला रुळलेले नसतात. काही उत्पादक यासाठी सील रुळवण्याची प्रक्रिया देतात : बाहेरच्या तोंडाला अरुंद नळी जोडून, आयसोप्रोपॅनॉलच्या प्रवाहात, वरच्या दाबाला काही मिनिटे पंप चालवायचा. ही पायरी वगळून घेतलेली चाचणी नापास झाली तर नवल नाही. पण ही प्रक्रिया सरसकट करणेही धोक्याचे आहे. काही द्रावकांसाठीची सील वेगळ्या पदार्थाची असतात आणि रुळवण्याच्या याच प्रक्रियेने ती खराब होतात. पाकिटावरील क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहणे हाच त्यावर उपाय.

सील नवी आणि दट्ट्या जुना, ही जोडी विशेष तपासण्यासारखी आहे. दट्ट्यावर बफरच्या क्षारांनी पाडलेला एक उभा ओरखडा पुरेसा असतो. नवी सील त्यावरून जेमतेम काही दिवस टिकते. दट्ट्या प्रकाशाच्या दिशेने धरून, फिरवून पाहिल्यास ओरखडा दिसतो. बोटाला जाणवणारा ओरखडा असलेला दट्ट्या परत बसवणे म्हणजे नव्या सीलचे पैसे वाया घालवणे. सील बदलली पण दट्ट्या पाहिला नाही, अशा देखभालीला पूर्ण देखभाल म्हणता येत नाही.

पंप हेडचे स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेले, की हेड किंचित तिरपे बसते आणि सीलवर एकांगी ताण येतो. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळताना समोरासमोरचे नट थोडे थोडे घट्ट करतात, तीच पद्धत येथे. तिरप्या बसलेल्या हेडमध्ये दट्ट्या मोडण्याचीही भीती असते.

झडपांवर बाणाची खूण असते, प्रवाहाच्या दिशेची. उलटी बसलेली झडप ओळखणे सोपे, कारण त्या बाजूने प्रवाहच मिळत नाही. अवघड असते ती चिकटणारी झडप. अॅसिटोनायट्राइल दीर्घकाळ वापरले गेले असेल तर गोळीवर चिकट थर जमतो. गोळी कधी सुटते, कधी अडकते. अशी झडप काढून मिथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलमध्ये, ध्वनिलहरींच्या स्वच्छतापात्रात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास अनेकदा पुन्हा कामाला येते. नवी झडप मागवण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

नळ्यांच्या जोडांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोलादी फेरूल, म्हणजे नटाखालची निमुळती कडी, एकदा आवळली की नळीला कायमची चावून बसते. नळीचे टोक तिच्यापुढे किती बाहेर आहे ते त्या तोंडाच्या खोलीनुसार कायमचे ठरते. तीच नळी दुसऱ्या खोलीच्या तोंडात लावली तर मध्ये पोकळी तरी राहते, नाहीतर कडी टेकतच नाही. देखभालीच्या गडबडीत दोन नळ्यांची अदलाबदल झाली की असा जोड गळू लागतो. मग पान्याने आणखी आवळले जाते, थोडा वेळ थांबते, पुन्हा गळते, आणि शेवटी आटे खराब होतात. जोड गळत असेल तर एकदा, योग्य तेवढे आवळावे. तरी गळला तर सोडून, टोक तपासून, आवश्यक तर नवी फेरूल घालावी. ताकद हा येथे उपाय नाही.

बूच पुढे सरकवत जाणे

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात. बुडबुडे दिसावेत एवढी मोठी गळती येथे नसते, म्हणून दुसरा मार्ग घ्यावा लागतो : मार्गाचे तुकडे पाडून एकेक तुकडा निर्दोष ठरवत जाणे.

बूच प्रथम पंपाच्या अगदी तोंडाशी लावावे. तेथे दाब टिकला तर पंप निर्दोष. गळती पुढे, नमुना सोडणाऱ्या यंत्रात किंवा त्याच्या झडपेत आहे. मग बूच एकेक जोड पुढे सरकवावे. ज्या जोडाच्या पलीकडे जाताच दाब उतरू लागतो, तो जोड वा त्यानंतरचा भाग दोषी. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धा दिवस अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा कमी वेळाचे आहे. कित्येकदा संपूर्ण यंत्र नापास झाल्याचे खापर नुकत्याच दुरुस्त झालेल्या पंपावर फुटते आणि गळती असते ती कोणाचाही हात न लागलेल्या नमुना झडपेच्या झिजलेल्या चकतीत. देखभालीपूर्वी चाचणीच घेतली गेली नसल्याने ती जुनी आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

पंपाच्या तोंडाशी बूच असूनही दाब उतरत असेल तर पर्ज झडपेच्या टाकाऊ नळीचे टोक पुसून कोरडे करावे, खाली टिपकागद धरावा आणि चाचणी पुन्हा लावावी. टोकाशी ओलावा आला तर तोटीची बैठक गळते आहे. याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटे. तरी ही तपासणी बहुधा सर्वांत शेवटी केली जाते. सील धुण्याची व्यवस्था असलेल्या पंपात तिच्या निचरा नळीकडेही असेच पाहावे. दट्ट्यामागून निसटलेला द्रव तेथे येतो.

एकापुढे एक दोन कप्पे असलेल्या पंपात आणखी एक बारकावा आहे. पहिल्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंना झडपा असतात, दुसरा कप्पा मात्र थेट पुढच्या मार्गाला उघडा असतो. पंप थांबवून नुसता दाब उतरतो का ते पाहिले, तर परीक्षा होते ती दुसऱ्या कप्प्याच्या सीलची आणि दोन कप्प्यांमधील झडपेची. ती मधली झडप उत्तम असेल तर तिच्यामागे पहिल्या कप्प्यातील गळकी सील व आत घेणारी झडप लपून राहतात. अशा पंपांच्या स्वयंचलित चाचणीत म्हणूनच अनेक टप्पे असतात. आधी एका दट्ट्याने, मग दुसऱ्याने दाब राखला जातो. कोणत्या टप्प्यावर रेषा झुकली ते पाहिले की कोणता कप्पा उघडायचा ते कळते. ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच शेवटचा शब्द वाचून पडदा बंद करणाऱ्याच्या हाती ही माहिती लागत नाही. पंप चालू असताना दाब प्रत्येक फेरीला ठरावीक ठेक्याने खाली-वर होत असेल, तर तेही एकाच कप्प्यातील दोषाचे लक्षण आहे.

या सर्व कामात डोळ्यांवर चष्मा हवा. दाबाखालील जोड सैल करू नये आणि गळती बोटाने चाचपू नये. केसाएवढ्या छिद्रातून इतक्या दाबाने निघालेली धार त्वचेत शिरू शकते. आयसोप्रोपॅनॉल ज्वालाग्राही आहे, हे प्रयोगशाळेतील सर्वांना माहीत असते आणि घाईच्या दिवशी सर्व जण विसरतात.

गळती तशीच ठेवली तर

चाचणीचा निकष एवढा कडक आहे, तर थोडीशी गळती असलेल्या पंपावर हंगाम काढून का नेऊ नये, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. मिनिटाला ०.२ मायक्रोलिटर गळतीने अहवाल बदलत नाही हे खरे. पण सीलची गळती त्या आकड्यावर थांबत नाही. दिवसाला शंभर नमुने गेले की ती वाढत जाते आणि कधी वाढली ते कळत नाही.

यंत्राचा प्रवाह मिनिटाला ३०० मायक्रोलिटर असेल आणि गळती ६ मायक्रोलिटरवर पोहोचली, तर प्रवाह २ टक्क्यांनी घटतो. द्रावकांचे मिश्रण कायम ठेवणाऱ्या साध्या पद्धतीत ८ मिनिटांना येणारे शिखर सुमारे ८.१६ मिनिटांना येईल. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कीडनाशकाच्या शिखराची वेळ प्रमाण द्रावणाच्या वेळेशी ०.१ मिनिटाच्या आत जुळली पाहिजे. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली.

दोन स्वतंत्र पंप पाणी व सेंद्रिय द्रावक यांचे मिश्रण करीत असतील तर हानी कितीतरी अधिक. दोन्ही पंप मिनिटाला १५०-१५० मायक्रोलिटर देत आहेत आणि तीच ६ मायक्रोलिटर गळती केवळ सेंद्रिय द्रावकाच्या पंपात आहे असे धरले, तर मिश्रणातील सेंद्रिय भाग ५० वरून ४९ टक्क्यांवर येतो. सेंद्रिय भाग १० टक्क्यांनी कमी झाला की पदार्थ स्तंभात साधारण तिप्पट रेंगाळतो, हा या शास्त्रातील ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने एका टक्क्याचा फरक पदार्थाला १० टक्क्यांहून अधिक रेंगाळवतो. ८ मिनिटांचे शिखर ९ मिनिटांच्या आसपास सरकते. गळती स्थिर असेल तर प्रमाण द्रावणाचे शिखरही तेवढेच सरकते आणि दोष सहज लक्षात येतो. ती कमी-जास्त होत असेल तर मात्र ठरलेल्या खिडकीत शिखर न सापडल्याने संगणक ‘आढळले नाही’ असे लिहून मोकळा होतो. विश्लेषकाने मूळ आलेख उघडून पाहिला नाही, तर हाच शब्द अहवालात जातो, कंटेनर बंदरावरून सुटतो आणि रसायन सापडते ते युरोपातील प्रयोगशाळेत.

हंगामाचे गणित आणि विचारावयाचे प्रश्न

आयएसओ/आयईसी १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीनुसार उपकरण पुन्हा सेवेत घेण्यापूर्वी ते ठरलेल्या आवश्यकतांना उतरते का, हे प्रयोगशाळेने पडताळले पाहिजे. सदोष आढळलेले उपकरण वेगळे ठेवले पाहिजे आणि त्या दोषाचा आधीच्या निकालांवर परिणाम झाला का, तेही तपासले पाहिजे. यातील शेवटची अट महत्त्वाची. सील काढण्यापूर्वी एकदा दाबचाचणी घेऊन तिचा आलेख जपून ठेवला, तर दोन गोष्टी हाती राहतात : देखभालीनंतरची गळती जुनी की नवी हे ठरवता येते, आणि मागील महिन्यांच्या अहवालांमागे पंप सुस्थितीत होता याचा पुरावा मिळतो. जुनी सील कचऱ्यात गेल्यावर ही चाचणी पुन्हा घेता येत नाही. अनेक ठिकाणी देखभालीच्या दिवशी वेळ वाचवण्यासाठी वगळली जाते ती नेमकी हीच.

देखभाल हंगामाच्या तोंडावर ठेवू नये, हा सल्ला देणे सोपे आहे. केवळ द्राक्षे तपासणाऱ्या प्रयोगशाळेला पावसाळा मोकळा मिळतो. पण बासमती व भुईमूग ऑक्टोबरपासून येऊ लागतात, द्राक्षे जानेवारीपासून, मिरची फेब्रुवारीपासून; सर्व पिके घेणाऱ्या प्रयोगशाळेला वर्षात मोकळा महिना असा उरतच नाही. अशा ठिकाणी देखभालीचा एक दिवस आणि चाचणी नापास झाल्यास गळती शोधण्याचे आणखी दोन दिवस असे तीन दिवस वेळापत्रकात आधीच राखून ठेवावे लागतात. नळीचे एक बूच, दोन जादा सील, एक जादा दट्ट्या, काही फेरूल आणि तपासलेली एक झडप कपाटात असली तर त्यातील बरेच प्रसंग एका दिवसात निभावतात.

विस्तार कार्यकर्त्यांना व शेतकरी उत्पादक कंपन्यांना पंप उघडायचा नसतो. त्यांनी विचारायचे ते वेगळे. यंत्राची शेवटची देखभाल केव्हा झाली, त्यानंतरची दाबचाचणी उत्तीर्ण होती का आणि तिची नोंद पाहता येईल का. आपले नमुने त्या देखभालीपूर्वी तपासले गेले की नंतर. यंत्र बंद पडल्यास नमुने कोणत्या तापमानाला ठेवले जातात आणि दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय आहे का. चांगल्या प्रयोगशाळेत या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत तयार असतात. ‘पंपाची चाचणी नापास झाली आहे, अहवाल दोन दिवस उशिरा मिळेल’ असा निरोप आला, तर काढणीचे मजूर आणि शीतगृहातील जागा त्यानुसार पुढे ढकलता येते. म्हणून असा निरोप त्याच दिवशी पाठवण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हेही नमुना देतानाच विचारून ठेवावे.